दचकूबाई फळी चढल्या, त्या मोहिमेची बखर

वाचणाऱ्या समस्त मंडळींच्या हुजुरात लेखकाचा मुजरा पोचावा. मजकूर ऐसा जे, किल्ले घेतले, मुलुख मारिले, तख्ते उलथविली, त्यांच्या हकिकती लिहिणारे पुष्कळ होऊन गेले आणि त्यांस शाईही मुबलक मिळाली. परंतु एक भित्री घोडी, एक घड्याळजी आणि एक उतरती फळी या तिघांमध्ये जे घनघोर प्रकरण जाहले, ते लिहावयास कोणी मातबर पुढे येईना, म्हणोन आम्हीच कंबर बांधिली. यात पदरचे काही कालविले नाही. कालविले असेल तर मिठाइतके. ज्यास हे खोटे वाटेल त्याने भित्री घोडी आणून आपल्या दाराशी बांधावी, म्हणजे घोडामैदान जवळच आहे.

प्रथम पूर्वपीठिका. घड्याळजींचे सासरे, ज्यांस या बखरीत थोरले सरकार म्हटले आहे, यांचे घर शहराच्या टोकाला, आणि घरामागे मोठे अंगण, आणि अंगणात पत्र्याची पागा, आणि पागेत ही एकच घोडी. रंग तांबूस, कपाळी पांढरा ठिपका, चाल देखणी, आणि स्वभाव ऐसा की बादलीची कडी वाजली तरी चौकशी लावावी. थोरल्या सरकारांनी मोठ्या हौसेने तिचे नाव रणरागिणी ठेविले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिचा पराक्रम पाहून दचकूबाई केले, आणि तेच चिकटले. तरी थोरले सरकार तिच्या मानेवर हात ठेवून काही पुटपुटू लागले म्हणजे ती पापण्या मिटी आणि खालचा ओठ लोंबता सोडी. पुढे थोरले सरकार निवर्तले आणि घोडी पोरकी जाहली. माणूस पोरके झाले तर समजूत घालावयास चार लोक येतात; घोडीच्या वाट्यास वेळेवर पाणी तेवढे येते.

वारस दोघे. थोरले चिरंजीव, म्हणजे आमच्या घड्याळजींचे मेहुणे, यांचे चौकात मोबाइलचे दुकान. आणि धाकटी कन्या, म्हणजे घड्याळजींचे कुटुंब, ज्यांस येथून पुढे बाईसाहेब म्हणावे. घर व अंगण नव्या मालकास देण्याचा करार होऊन गेला होता आणि महिनाअखेर कुलूप पडणार होते. शहराच्या दुसऱ्या टोकास घड्याळजींच्या घरामागे नवी पागा बांधून तयार, गवत भरून तयार, पाण्याची टाकी धुऊन तयार; खोळंबा इतकाच की घोडीने तेथवर जावे कैसे. त्यासाठी घोडे नेण्याची बंद गाडी मिळते, तिच्या पाठीमागे एक उतरती फळी असते, फळीवर टाप पडली की पोकळ आवाज होतो, आणि फळीपलीकडे अंधार असतो. थोडक्यात, दचकूबाईंस जे जे नापसंत, ते सर्व एका ठिकाणी जमविले होते.

मेहुण्यांनी पहिला हल्ला स्वतःच्या अखत्यारीत केला. घोड्यांचा एक दलाल गाडी घेऊन आला, मग एकाने पुढून दोर ओढिला, आणि दुसऱ्याने मागून झाडू हालविला, आणि घोडी दोन पायांवर उभी राहिली, आणि मग खाली आली ती नेमकी बाईसाहेबांच्या पावलावर. बाईसाहेबांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मेहुणे लहानपणापासून घोड्यास भीत असत आणि ते कबूल करावयासही भीत असत, म्हणोन ते फार संतापले आणि त्यांनी फर्मान काढिले, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी पुन्हा येईल. घोडी आपण होऊन चढली तर तुमची, न चढली तर दलाल डोळ्यांस पट्टी बांधून आणि हातात काठी घेऊन तिला आपल्या पद्धतीने चढवील आणि आपल्याच गावी नेईल.

बाईसाहेब त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. ताट सरकवून त्या इतकेच बोलल्या, "बाबांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही हो. मी तिला मार खायला नाही पाठवणार."

तेव्हां सेनापती नेमणे प्राप्त जाहले. बाईसाहेब घोड्यांत वाढलेल्या, वडिलांच्या हाताखाली भित्र्या जनावरास धीर देण्याची सगळी विद्या शिकलेल्या, परंतु पाय जायबंदी. उरले कोण, तर घड्याळजी. हा पुरुष ऐसा, की आयुष्य एका टेबलामागे गेलेले, उजव्या डोळ्यास भिंग, हातात चिमटा, आणि मोहरीच्या दाण्याहून लहान स्क्रूंशी जन्माची दोस्ती. घोड्याशी संबंध म्हणाल तर लग्नात वरातीस घोडा नको, मोटार आणा, ऐसा हट्ट धरिला होता.

घड्याळजी म्हणाले, "अगं, मी घड्याळं दुरुस्त करतो."

बाईसाहेब म्हणाल्या, "मग बरंच आहे. घाई करायची सवय नाही तुम्हाला."

येणेप्रमाणे नेमणूक होऊन दुसऱ्याच दिवशी सकाळी छावणी अंगणात पडली. बाईसाहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर तख्तनशीन जाहल्या, प्लास्टरचा पाय पालथ्या घमेल्यावर ठेविला, आणि तेथून आज्ञा सुटू लागल्या. त्यांचा मतलब ऐसा: पाठीवर बसण्याचे नाव काढू नये, सगळे काम जमिनीवर उभे राहूनच करावे; दोर कायम सैल असावा; घोडी बघेल तर बघू द्यावे, वास घेईल तर घेऊ द्यावा; जवळ जावे, आणि तिला मागे सरावेसे वाटण्याआधी आपणच मागे सरावे; तिने मान खाली सोडली, तोंडात काही नसता जबडा हालविला किंवा नाकातून फुर्र केले, तर तो सुलुखाचा झेंडा समजावा आणि तत्क्षणी तेथून निघून यावे.

घड्याळजींनी अर्ज केला, "म्हणजे मी करायचं काय?"

"जवळ जायचं आणि परत यायचं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि घाई केलीत तर ही खुर्ची तुमच्या डोक्यात घालीन."

मग घड्याळजी जवळ गेले आणि परत आले, आणि पुन्हा गेले आणि पुन्हा आले, आणि शेजारच्या गच्चीवरून कोणी पाहत होते त्यास वाटले की गृहस्थ किल्ली विसरला आहे. परंतु या येरझाऱ्यांचा परिणाम जाहला. घोडीने प्रथम एक कान दिला, मग दुसरा दिला, मग एके दिवशी मोठा सुस्कारा टाकून जबडा हालविला, आणि बाईसाहेब खुर्चीत ऐशा हरखल्या की घमेले लवंडले. पुढे खरारा फिरविणे जमले, तोंडास दोरीची मोहरकी घालून सैल दोराने अंगणभर फिरविणे जमले, थांब म्हणता थांबणे आणि मागे म्हणता दोन पावले मागे जाणे, हेही साधले. मधे एक शिकस्त खाल्ली ती लिहिली पाहिजे. मेहुण्यांनी घड्याळजींस वाढदिवसाला पावले मोजणारा पट्टा भेट दिला होता, आणि बाईसाहेबांच्या भिडेखातर तो मनगटावर होता. इतके चालणे त्याने जन्मात पाहिले नव्हते, सबब आनंदाने तो मोठ्याने वाजला. घोडीने अंगणास तीन फेरे घातले आणि सेनापती गवताच्या गंजीत सापडले. पट्टा त्याच क्षणी बडतर्फ जाहला.

मग ताडपत्रीची लढाई उभी राहिली. मसलत ऐसी होती, की गाडीच्या फळीआधी घोडीने जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर पाय ठेवावा, मग साध्या लाकडी फळीवर ठेवावा, म्हणजे पायाखाली वाजले तरी जग बुडत नाही ऐसा तिचा भरवसा बसेल. पैकी ताडपत्रीच्या कडेपर्यंत ती ऐटीत येई, आणि तेथे तिची मान वर जाई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागे, चारी पाय रोवले जात, आणि घोडे अडे. घड्याळजी हुकुमाबाहेर तसूभर जात नव्हते. दोर सैल, खांदे उतरते, नजर जमिनीकडे. जितके ते काळजीपूर्वक करीत, तितकी घोडी अधिक दगड होई, आणि रविवार तर येऊन ठेपलेला. घोडे नेमके पेंड कोठे खाते, ते कळेना.

बाईसाहेबांनी खुर्चीवरून विचारिले, "दोर सैल आहे ना?" उत्तर नाही. मग मोठ्याने विचारिले, "अहो, मी काहीतरी विचारतेय!" तरी उत्तर नाही. घड्याळजी घोडीच्या खुराकडे टक लावून उभे. तेव्हां बाईसाहेबांच्या मनातील जुने कोठार पेटले आणि त्या बोलू लागल्या, "जन्मभर हेच चाललंय! भिंग लावून बसलात की चहा हवा का विचारा, गॅस संपला सांगा, भूकंप झाला म्हणून ओरडा, हा माणूस काही बोलायचा नाही, नुसता श्वास धरून..."

आणि येथे बाईसाहेब आपल्याच वाक्यात थबकल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारिले, "अहो, तुम्ही श्वास घेताय का?"

घड्याळजींचा चेहरा लालबुंद जाहला होता. बऱ्याच वेळाने तोंड उघडून ते म्हणाले, "नाही."

याचा उलगडा ऐसा. घड्याळ उघडले असता जोराने श्वास टाकिला तर सूक्ष्म भाग उडून जातात आणि मग माणूस दिवसभर रांगत फरशी धुंडाळतो. म्हणोन या पेशात शिकाऊपणीच दम धरावयास शिकवितात, आणि ती सवय हाडीमासी भिनते. काम जितके नाजूक, तितका दम पक्का. इकडे घोड्याचा कायदा उलटा. कळपात शेजारच्याने श्वास रोखला तर गवतात कोणी दबा धरून आहे ऐसे समजावे आणि पळावयास सिद्ध व्हावे. सारांश, आमचे सेनापती जीव ओतून काळजी घेत होते, आणि त्याच काळजीने घोडीस क्षणोक्षणी वर्दी देत होते की वाघ आला, वाघ आला.

रोग कळला, औषध सापडेना. श्वास घ्या म्हटले तर घड्याळजी भात्यासारखा श्वास घेत आणि घोडी आणिक बिथरे. गाणे म्हणा म्हटले तर त्यांस एकही गाणे धड येत नव्हते, आणि जे येत होते ते म्हणू नका ऐसे बाईसाहेबांनीच फर्माविले. गप्पा मारा म्हटले तर विषय सुचेना, कारण मूळचा गृहस्थ मितभाषी. त्या दुपारी बाईसाहेब हनुवटीवर हात ठेवून फार वेळ बसून राहिल्या, आणि मग त्यांचे डोळे चमकले.

"दादाबद्दल बोला," त्या म्हणाल्या.

"तुझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच सांगते. एवढ्या एकाच विषयावर तुम्ही न थांबता बोलता. आणि मला लाजू नका, मला पाठ आहे सगळं."

घड्याळजींनी इकडे तिकडे पाहिले, घसा खाकरिला, आणि घोडीस सांगावयास सुरुवात केली. प्रथम छत्रीचे प्रकरण घेतले, जी मेहुण्यांनी पाऊस नसता नेली आणि पाऊस असता परत केली नाही. मग सोफ्याचे घेतले, ज्यावर मेहुणे आडवे होतात आणि पाहुण्यास वेताच्या बुटक्या मोड्यावर बसवितात. मग वर्तमानपत्राचे घेतले, जे ते आधी वाचतात आणि शब्दकोडे अर्धे व चुकीचे सोडवून ठेवितात. आवाज खर्जातला, लय एकसारखी, श्वास आपोआप आत आणि बाहेर. दचकूबाईंचा एक कान वळला, मग मान उतरली, मग त्या छत्रीच्या उत्तरार्धात एक पाय ताडपत्रीवर आणि सोफ्याच्या मध्यावर चारी पाय ताडपत्रीवर येऊन त्या उभ्या राहिल्या, आणि जबडा हालवू लागल्या. बाईसाहेबांनी पदर डोळ्यांस लाविला. दुसऱ्या दिवशी लाकडी फळीही शब्दकोड्याच्या जोरावर सर जाहली.

मग रविवार उजाडला. गाडी अंगणात शिरली, फळी खाली आली, दलाल काठी आणि पट्टी घेऊन कडेला उभा राहिला, आणि मेहुणे हाताची घडी घालून फळीच्या अगदी बाजूस येऊन थांबले. घड्याळजी घोडीस घेऊन निघाले, बोलावयास तोंड उघडिले, समोर पाहिले, आणि त्यांची वाचाच बसली. ज्यांची कीर्ती गावयाची ते दोन हातांवर उभे! पाठीमागे मेहुण्याची सालटी काढणे सोपे. तोंडावर काढावयास निराळे काळीज लागते, आणि घड्याळजींस तर दुकानात गिऱ्हाईकास दार लावून घ्या म्हणावयाचीही भीड पडे. शब्द अडला, श्वासही अडला. घोडीची मान सर्रकन वर गेली, पाय रोवले गेले, डोळे पांढरे जाहले. दलालाने पट्टीची गाठ सोडावयास घेतली.

"अहो, बोला!" बाईसाहेब खुर्चीतून ओरडल्या.

"कसं बोलू? ते इथेच उभे आहेत."

"मग ऐकतील!"

मेहुणे म्हणाले, "काय ऐकतील?"

घड्याळजींनी एकदा काठीकडे पाहिले, एकदा घोडीच्या थरथरत्या खांद्याकडे पाहिले, आणि मग त्या भिडस्त माणसाने भीड सोडिली. छत्री काढली, सोफा काढला, शब्दकोडे काढले. फोन करितात तो नेमका जेवताना करितात, हे सांगितले; घड्याळजीस पावले मोजणारा पट्टा देणे म्हणजे आचाऱ्यास डबा पाठविणे, हे सांगितले; शिडी नेली ती एक पायरी कमी होऊन परत आली, हेही सांगितले. मेहुण्यांचा रंग तांबडा झाला, मग पांढरा झाला, परंतु ते हालले नाहीत, कारण घोडी हालली होती. तिने मान उतरविली, फळीचा वास घेतला, आणि पुढचे दोन्ही पाय वर ठेविले. पोकळ आवाज जाहला. ती थबकली. घड्याळजी बोलत राहिले, आणि ती आणखी एक पाऊल चढली.

परंतु दारूगोळा सरत आला होता. कोठाराच्या तळाशी एकच तक्रार राहिली, जी घड्याळजींनी आजवर बायकोसमोरही उच्चारिली नव्हती. ती त्याच खर्जात बाहेर आली. "आणि बाबा आजारी होते तेव्हा रात्र रात्र एकटे जागलात. आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत. मी काय परका होतो? निदान उशाशी बसायला तरी बोलवायचं होतंत. मला ते अजून लागतं, दादा."

यावर घड्याळजी गप्प जाहले, कारण आणिक काही उरले नव्हते. बाईसाहेब खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या. घोडी अर्ध्या फळीवर, पुढचे अंग अंधारात, मागचे उजेडात, आणि तिने वजन मागे घ्यावयास आरंभ केला.

तेव्हां मेहुणे बोलले. आवाज घोगरा होता, परंतु खालच्या पट्टीत होता. "भाऊजी, थांबू नका. ती मागे येतेय. तुमच्या लग्नातलं राहिलं."

"काय?"

"फोटो. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळे जेवणाच्या पंगतीचे काढले. तुमचा एकही नाही. बोला ना."

"हो," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांचा श्वास मोकळा जाहला. "सगळे जेवणाचे. एकात माझं कोपर आहे."

"पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, आता घड्याळं कोण दुरुस्त करतं."

"ते तर दोनदा म्हणालात!"

"तीनदा. एकदा तुम्ही आत होतात."

ऐसी ती सवाल-जबाबांची सरबत्ती चालली, मेहुणे आपले एकेक अपराध पुरवीत गेले आणि घड्याळजी ते घोडीस सांगत गेले, आणि दचकूबाई त्या अपराधांच्या पायऱ्या करून, एकेक टाप ठेवीत, कोणी ओढले नाही, कोणी ढकलले नाही, अशा आपल्या मर्जीने आत जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी नाकातून लांबलचक फुर्र केले, मागचा एक पाय सैल सोडिला, आणि डोके घड्याळजींच्या खांद्यावर टेकविले. घोडे गंगेत न्हाले. दलालाने पट्टी खिशात घातली आणि म्हणाला की मी इतकी वर्षे गाड्या भरतो, पण हा प्रकार पाहिला नाही.

मेहुणे फळीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आत जाण्याची हिंमत होईना, तेथूनच म्हणाले, "बाबा म्हणायचे, धाकटीला कळवू नकोस, ती झोपायची नाही. म्हणून मीच झोपलो नाही. तुम्ही परके नव्हता, भाऊजी. मला सुचलंच नाही." बाईसाहेब प्लास्टरचा पाय ओढीत तेथवर आल्या आणि त्यांनी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तेथेच त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडल्या.

मग तह जाहला. घड्याळजींनी शंका काढिली, की तक्रारी तर सगळ्या संपल्या, आता या घोडीस रोज काय सांगावे. त्यावर ठरले ते ऐसे: घोडी बाईसाहेबांकडे कायम राहावी, मेहुण्यांनी दर रविवारी तिला पाहावयास यावे, जवळ जावे आणि परत यावे, भीती वाटली तर वाटते म्हणावे, आणि येतेवेळी घड्याळजींस आठवडाभर पुरेल इतके नवे कारण देऊन जावे. हे शेवटचे कलम मेहुण्यांनी कबूल केले आणि तेथल्या तेथे अमलातही आणिले. गाडीच्या पुढील बाकावर जागा तिघांचीच; एकीवर गाडी हाकावयास दलाल बसला, एकीवर बाईसाहेबांस प्लास्टरसह बसविले, आणि तिसरीवर, सेनापती फळी बंद करण्यात गुंतले आहेत ऐसे पाहून, मेहुणे स्वतः बसले. महिनाभर मोहीम लढविणारा पुरुष मागे घोडीसोबत अंधारात उभा राहिला. गाडी शहर ओलांडून नव्या पागेपर्यंत गेली, तोवर मागून एकसारखा खर्जातला आवाज येत होता, पुढे मेहुणे तो ऐकत बसले होते आणि अधूनमधून मान डोलवीत होते, आणि दचकूबाई सर्व वाटभर उभ्या उभ्या झोपल्या. फत्ते जाहली, येणेप्रमाणे लिहिले आहे.